मदत हवी आहे: राजकीय गेमचे प्रसंग शीटमध्ये कसे मांडावेत?

नमस्कार मंडळी. आम्ही काही मित्र इथे बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळावर गेम करतोय. खेळणारा दिवाण असतो. त्याच्या प्रत्येक निर्णयाने खजिना, प्रजा आणि ब्रिटिश रेसिडेंट यांचे आकडे वर-खाली होतात. सगळा मजकूर गूगल शीटमध्ये आहे, तिथून सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) काढून गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतो.

अडचण अटींची आहे. १९०६ चं सक्तीचं प्राथमिक शिक्षण घ्या. महाराजांनी ते आधी १८९३ मध्ये अमरेलीत करून पाहिलं होतं. म्हणून खेळणाऱ्याने अमरेलीचा प्रयोग स्वीकारला असेल आणि खजिना ४० च्या वर असेल, तरच हा प्रसंग यायला हवा. सध्या 'अट' रकान्यात 'अमरेली=हो; खजिना>४०' असं हाताने लिहितो. एखादं अक्षर चुकलं तर प्रसंग येतच नाही आणि कळतही नाही. अशी चूक शीटमध्येच लाल दिसेल असं कुणी केलंय का?

शिवाय कुठल्या प्रसंगाला दोन पर्याय, कुठल्याला चार, त्यामुळे ओळ आडवी वाढत जाते. पर्याय वेगळ्या टॅबमध्ये ठेवून प्रसंगाच्या आयडीने जोडावेत असं मला वाटतं. पण संवाद लिहिणारा मित्र म्हणतो, सगळं एकत्र दिसलं नाही तर लय तुटते, आणि त्याचं खरं आहे.

आणखी एक: गोडोला भाषांतराची सीएसव्ही फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात लागते, तीही बीओएमशिवाय (म्हणजे संकेत ओळखण्यासाठी फाइलच्या सुरुवातीला असणाऱ्या छुप्या खुणेशिवाय). तीच एक्सेलमध्ये उघडली की देवनागरी बिघडते, आणि शुद्धलेखन तपासणारे काका एक्सेलच वापरतात. त्यांच्यासाठी काय सोय करावी?

कुणाकडे नमुना शीट असेल तर जरूर दाखवा, फार उपकार होतील.