ग्रंथपालांच्या तासानंतरची चाचणी: मोजतो काय आपण?

काळा_डगला: काल इथे कुणीतरी लिहिलं, की लॉ कॉलेजात ग्रंथपालांच्या तासाआधी आणि नंतर वीस प्रश्नांची चाचणी घ्या, गुण वाढले तर मुलं रिसर्च शिकली. वाचून डोकं फिरलं. 'एआयआर १९७३ एससी १४६१', म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर या निकालांच्या खंडातला पत्ता, त्यासमोर केशवानंद भारती खटल्यावर टिक केली, झालं? माझ्या ज्युनियरने मागे नोटमध्ये गोलकनाथ खटल्याचा निकाल खुशाल टाकला होता. १९६७चा तो निकाल १९७३लाच केशवानंदमध्ये फिरवला गेला, हे बघितलंच नाही पठ्ठ्याने. चाचणीत नक्की पहिला आला असेल.

कपाट_क्र_७: ते 'कुणीतरी' मीच. ज्युनियर तुमचा, खापर माझ्यावर? आम्हाला वर्षाला एक तास. ऐंशी मुलं, तीन कॉम्प्युटर, अर्धा तास पासवर्डात जातो.

एलएलबी_दुसरं_वर्ष: पासवर्ड!! आमच्याकडे निकालांचा डेटाबेस फक्त लायब्ररीतच उघडतो आणि लायब्ररी पाचला बंद. नोकरी करून शिकणाऱ्यांनी काय करायचं?

जुना_अशील: पासवर्ड कशाला? आम्ही एआयआरचे खंड शिडीवर चढून काढायचो. शोधता शोधता शेजारचा निकालही वाचला जायचा.

एलएलबी_दुसरं_वर्ष: काका, पाचनंतर शिडीही कुलपातच असते.

जुना_अशील: उद्धटपणा बरा जमतो. सुप्रीम कोर्टाचं ई-एससीआर, म्हणजे त्यांच्या निकालांचा ऑनलाइन संग्रह, २०२३पासून फुकट आहे, मोबाइलवर बघा की.

एलएलबी_दुसरं_वर्ष: बघतो. पण पुढे तो निकाल कुणी फिरवला, हे तिथे एका क्लिकवर दिसतं का? गोलकनाथ असाच होतो!

कपाट_क्र_७: पासवर्डाचं पुरे. काळा_डगला, माझ्या चाचणीतला एक प्रश्न घ्या. चोरी जून २०२४ची, एफआयआर ऑगस्टची. कलम?

काळा_डगला: सोपंय. न्याय संहिता, ३०३.

कपाट_क्र_७: चूक. नवे फौजदारी कायदे १ जुलैपासून. गुन्हा जूनचा, म्हणून जुनी भादंवि, ३७९. एफआयआर तेवढी नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३खाली.

एलएलबी_दुसरं_वर्ष: 😂😂

काळा_डगला: कोर्टातून घाईत टाईप केलं. बरं, प्रश्न चांगलाय. पण असे वीसही असले तरी मुलगा उत्तरापर्यंत कसा पोचला ते कळत नाही. पक्षकाराची गोष्ट द्या, चार दिवस द्या, कुठे कुठे शोधलं आणि काय सोडलं ते लिहून घ्या.

कपाट_क्र_७: मान्य. ऐंशी वह्या आहेत. शनिवारी तपासायला या, चहा माझ्याकडून.

काळा_डगला: शनिवारी तारीख आहे.

जुना_अशील: शनिवारी? कुठलं कोर्ट?