वाचनकट्टा ग्रुप: जुन्या मुंबईतले तीन खून आणि एक पुण्यातला

शुभांगी ताई, बी-402
पुढच्या महिन्याच्या कट्ट्यासाठी तीन पुस्तकं निघाली आहेत. तिन्ही जुन्या मुंबईतली, तिन्हींत खून. सुजाता मॅसीचं ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’ (काळ 1921), नेव्ह मार्चचं ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’ (1892) आणि वसीम खानचं ‘मिडनाइट ॲट मलबार हाउस’ (1949 ची शेवटची रात्र). ज्यांची वाचून झालीत त्यांनी मत टाका. खुनी कोण हे लिहायचं नाही. ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ एवढंही नको, त्यानेही निम्मा रस जातो.

अनिकेत, ए-703
मागवणाऱ्यांना सूचना: मॅसीबाईंचं हेच पुस्तक अमेरिकेत ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ या नावाने निघालं. दोन मुखपृष्ठं बघून दोन पुस्तकं मागवू नका.

ऐतिहासिक गूढकथेला मी एकच कसोटी लावतो. खून उचलायचा आणि आजच्या तारखेत ठेवून बघायचा. जसाच्या तसा घडत असेल तर इतिहास नुसता मागच्या पडद्यावर रंगवलेला. घडत नसेल तर लेखकाने काम केलंय. मलबार हिल पास. गिरणीमालक वारलाय, तीन विधवा मागे राहिल्यात आणि तिघी कडक पडद्यात. पोलीस जनान्यात जाऊ शकत नाही, पुरुष वकील जाऊ शकत नाही, घरचा कारभारी सांगेल तेच बाहेर. अशा घरात तिघींनी आपले हक्क सोडून दिल्याचा कागद वकिलाच्या टेबलावर येतो आणि त्यात एकीची सही म्हणजे नुसती फुली. पुढचं सगळं त्या फुलीतून निघतं.

शुभांगी ताई, बी-402
त्यात कायद्याचं गणित माहीत असेल तर वाचताना दुप्पट मजा येते, म्हणून सांगते. मुस्लिम वारसा कायद्याने नवऱ्याला मुलं असतील तर सगळ्या विधवांना मिळून आठवा हिस्सा. तिघी असतील तर प्रत्येकी चोविसावा. मुलं नसतील तर मिळून चौथा. मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला कबूल केलेली रक्कम, मात्र वेगळी. ते नवऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज, वाटणीच्या आधी फेडायचं. म्हणजे वारशाचा हिस्सा किरकोळ असला तरी मेहेरची रक्कम भारी असू शकते, आणि ती सोडल्याचा कागद हा बाईच्या हातातली खरी पुंजी काढून घेणारा कागद. या एका गोष्टीवर नजर ठेवून वाचा. कुणाला काय मिळतं हे कोष्टक पहिल्या शंभर पानांत मनाशी मांडून ठेवलं की संशयितांची यादी आपोआप लहान होते.

नायिका पेरविन मिस्त्री सॉलिसिटर आहे. ऑफिसात बसून कागद करते, कोर्टात उभी राहत नाही. हेही काळाला धरून. बायकांना वकिली खुली करणारा कायदा 1923 चा, गोष्ट त्याच्या दोन वर्षं आधीची.

कुलकर्णी वहिनी, सी-205
आणि हे पात्र हवेतून काढलेलं नाही. लेखिकेने कॉर्नेलिया सोराबजी आणि मिठन टाटा लाम या दोघी खऱ्या वकील बायकांवरून ते उभं केलंय. कॉर्नेलिया आपल्या नाशिकच्या, जन्म 1866. पडद्यातल्या बायकांच्या इस्टेटीची कामं त्यांनी वर्षानुवर्षं केली.

पण अनिकेत, मला एक खटकलं. मधेमधे 1916 मध्ये जाऊन पेरविनच्या लग्नाची गोष्ट येते. ती गोष्ट चांगलीच आहे. 1865 चा पारशी विवाह कायदा तेव्हा बाईला किती कमी दारं उघडी ठेवत होता ते त्यात नीट कळतं. मात्र खुनाचा तपास तापला की लेखिका उठून पाच वर्षं मागे जाते. दोन्हीकडची उत्सुकता सांडते.

अनिकेत, ए-703
मान्य वहिनी. उपाय असा की 1916 ची प्रकरणं एका बैठकीत एकत्र वाचायची, मग 1921 सलग. प्रकरणांवर वर्ष छापलंय, शोधावं लागत नाही. मालिकेत पुढे ‘द सातापूर मूनस्टोन’ आणि ‘द बॉम्बे प्रिन्स’ आहेत, पण पहिल्याआधी त्यांना हात लावू नका. लग्नाचं काय झालं ते तिथे दोन वाक्यांत सांगून टाकलंय.

जोगळेकर काका, ए-101
मी 1892 वाल्यावर लिहितो. त्यामागची घटना खरी आहे. एप्रिल 1891 मध्ये राजाबाई टॉवरवरून पडून दोन पारशी तरुणी मेल्या, आणि तो अपघात, आत्महत्या की खून यावर शहर ढवळून निघालं. टॉवर 1878 साली पुरा झालेला, उंची 85 मीटर. कादंबरीतला कॅप्टन जिम अग्निहोत्री पुण्याच्या लष्करी इस्पितळात पडल्या पडल्या ही बातमी वर्तमानपत्रात वाचतो. शेरलॉक होम्सचा भक्त. 1892 मध्ये हे बसतं, कारण होम्सची पहिली कादंबरी 1887 ची आणि दुसरी 1890 ची.

आता अनिकेतची कसोटी लावतो. टॉवर, त्या काळची कोर्टं, पारशी घराण्याची इभ्रत हे सगळं खुनाला चिकटलेलं आहे. पुस्तकाचा पहिला एक-तृतीयांश भाग त्यामुळे घट्ट आहे. पुढे नायक पंजाबकडे जातो आणि रहस्यकथेची साहसकथा होते. घोडे, गोळीबार, अनाथ पोरं. वाईट नाही, पण टॉवर मागे पडतो आणि वाचणारा कोणता पुरावा कुठे पाहिला हे विसरतो. 1892 च्या गोष्टीत एवढा प्रवास आला की शिळे धागे परत आणताना लेखकाला पात्रांकडून उजळणी करवून घ्यावी लागते. इथेही तेच होतं.

या काळातलं काहीही वाचताना एक गोष्ट वहीत टिपून ठेवा. साक्षीदाराने वेळ सांगितली की विचारायचं, कुठल्या घड्याळाची? तेव्हा मुंबईत दोन वेळा चालत. रेल्वे मद्रास टाइमवर, शहर बॉम्बे टाइमवर. दोहोंत साधारण 30 मिनिटांचं अंतर, रेल्वे पुढे. 1881 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनने मद्रास टाइम सगळ्यांना लावायचा प्रयत्न केला, शहराने जुमानलं नाही. 1 जानेवारी 1906 ला भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपलं घड्याळ लगेच सोडलं नाही. तो फरक 39 मिनिटांचा, शहर मागे. म्हणजे ‘मी 5 च्या गाडीने गेलो’ आणि ‘मी त्याला 5 वाजता बाजारात पाहिलं’ ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात.

अनिकेत, ए-703
काका, एवढ्यावर अख्खी कादंबरी उभी राहील. अर्धा तास फुकटात मिळालेली सबब.

सेक्रेटरी
मध्ये बोलतो, क्षमस्व. ए विंगची वरची टाकी उद्या सकाळी 10 ते 1 धुणार. पाणी भरून ठेवा. चालू द्या.

कुलकर्णी वहिनी, सी-205
तिसऱ्याबद्दल थोडक्यात. 31 डिसेंबर 1949, प्रजासत्ताकाला 26 दिवस, मलबार हिलवरच्या पार्टीत इंग्रज मुत्सद्दी सर जेम्स हेरियट मरतो आणि फोन उचलते पर्सिस वाडिया, देशातली पहिली महिला इन्स्पेक्टर. ही लेखकाने घेतलेली सूट. पहिली महिला आयपीएस प्रत्यक्षात 1972 ची. मला सूट चालते, कारण तिचे वरिष्ठ तिला जे काम द्यायचं टाळतात त्यातूनच तपासाला वाट मिळते. फाळणीला दोन-अडीच वर्षं झालीत, माणसं आणि कागद सीमेपलीकडे गेलेत, हाही काळ नुसता शोभेचा नाही. 2021 चा ऐतिहासिक गुन्हेकथेचा डॅगर पुरस्कार याला मिळाला. कंटाळा एकाच गोष्टीचा: पुरुष सहकाऱ्यांचे टोमणे. दर प्रकरणी तोच टोमणा, नवीन तोंडातून. तिन्हींत वाचायला सर्वांत वेगवान मात्र हेच.

पण माझा खरा प्रश्न वेगळा. तिन्ही इंग्रजी. मराठीत इतक्या ऐतिहासिक कादंबऱ्या, इतक्या रहस्यकथा. एकट्या अर्नाळकरांच्या हजाराच्या वर. दोन्ही एकत्र का फारसं सापडत नाही?

जोगळेकर काका, ए-101
माझं मत: आपली ऐतिहासिक कादंबरी थोर पुरुषाची कादंबरी आहे. ‘स्वामी’, ‘राऊ’, ‘छावा’. नायक कोण, शेवट काय, हे वाचकाला शाळेपासून ठाऊक. तिथे ‘कसं’ आणि ‘का’ असतं, ‘कोणी’ नसतं. रहस्यकथेला अनोळखी माणूस लागतो. कारकून, जासूद, सराफ, पोतनीस. दफ्तरात ही माणसं खच्चून भरलीत, कादंबरीत ती पालखीच्या मागे चालतात.

आणि लिहिणारे तपशिलात घसरतात. शिवकाळात उपासाला साबुदाण्याची खिचडी शिजवतात. आपला साबुदाणा टॅपिओकाचा, सेलमचे कारखाने 1940 च्या दशकातले. दाण्याचं कूट घालायचं तर भुईमूगही अमेरिकेकडचा. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. ललित कादंबरीत हे खपून जातं. रहस्यकथेत खपत नाही, कारण तिथे वाचक प्रत्येक वस्तूकडे पुरावा म्हणून बघतो.

अंतरांचंही तेच. बाजारबुणग्यांसह फौज दिवसाला 4-5 कोसांपुढे सरकत नाही, कोस म्हणजे ढोबळ 3 किलोमीटर. मार्च 1760 मध्ये परतूडहून निघालेले भाऊसाहेब दिल्लीत पोचले ऑगस्टच्या सुरुवातीला. हे डोक्यात असलं की कादंबरीतलं ‘चार दिवसांत फौज नर्मदापार’ वाचून हसू येतं.

शुभांगी ताई, बी-402
काका, रहस्यकथा म्हणून मराठी इतिहासातली एकच घटना निवडायची तर?

जोगळेकर काका, ए-101
30 ऑगस्ट 1773, शनिवारवाडा. नारायणराव पेशवे, वय 18. बंदिस्त जागा, दिवसाढवळ्या खून, गणपतीचे दिवस. गारदी आत शिरले ते थकलेल्या पगाराच्या निमित्ताने. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसाफ ही नावं माहीत. तुळाजी पवाराने पाय ओढले, चापाजी टिळेकर धन्यावर आडवा पडला आणि कापला गेला. हात कोणाचे हे पहिल्या दिवसापासून उघड. खरा प्रश्न हुकूम कोणाचा आणि काय शब्दांत.

इथे प्रत्येकजण ‘ध चा मा’ म्हणतो. आता तपासणी अधिकाऱ्यासारखं बघा. ‘धरावे’चं ‘मारावे’ केलेला तो कागद संशोधकांच्या हाती लागलेला नाही. म्हणजे मुख्य पुरावाच दंतकथा. मग उरतं काय? काका राघोबादादांना लाभ काय, ते नजरकैदेत असताना गारद्यांशी बोलणी कोणामार्फत झाली, पगार कोणी थकवला, पहारा कोणाचा होता. रामशास्त्र्यांनी चौकशी करून राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. त्या चौकशीवर, शास्त्रीबुवांच्या हाताखालच्या एखाद्या काल्पनिक कारकुनाच्या नजरेतून, आनंदीबाईला आधीच खलनायिका न ठरवता, सलग तपासकथा लिहिली तर मी दुकान उघडायच्या आधी दारात उभा राहीन.

अनिकेत, ए-703
याचा इंग्रजी नमुना आहे. जोसेफिन टे यांची 1951 ची ‘द डॉटर ऑफ टाइम’. इन्स्पेक्टर ग्रँट इस्पितळात खाटेवर, हलता येत नाही. तिथून तो इंग्लंडचा राजा तिसऱ्या रिचर्डने पुतण्यांना मारलं का याचा तपास करतो, फक्त कागदांवर. पद्धत शिकण्यासारखी. आधी साक्षीदाराचं वय काढायचं. रिचर्डला काळं फासणारा मुख्य वृत्तांत टॉमस मोरचा. मोरचा जन्म 1478, रिचर्ड मेला 1485 मध्ये. म्हणजे मोर तेव्हा शाळकरी पोर, सगळं ऐकीव. काका-पुतणे, वाडा, बदनाम झालेला वारस, नारायणरावाच्या गोष्टीला किती जवळ आहे बघा.

पुस्तकाचा दोष असा की ग्रँट एकदा रिचर्डच्या बाजूने झाला की विरुद्ध पुराव्याकडे बघतच नाही. तपास संपतो, वकिली सुरू होते. आणि पहिली 40-50 पानं राजघराण्याची वंशावळ समोर ठेवल्याशिवाय वाचू नका, चार एडवर्ड आणि तीन रिचर्ड यांत माणूस बुडतो.

चोरदरवाज्याबद्दलही सांगतो, शनिवारवाड्यावर लिहिणाऱ्याला उपयोगी. रोनाल्ड नॉक्सने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घातले, त्यात गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको असा एक. आपल्याकडे प्रत्येक वाड्यात तीन भुयारं आणि तिन्ही किल्ल्यावर निघतात.

कुलकर्णी वहिनी, सी-205
तारखांचं कसं सांभाळायचं काका? कागदावर तपास म्हटला की तारखा आल्याच.

जोगळेकर काका, ए-101
तिथेच बहुतेक जण आपटतात. पेशवे दफ्तराच्या पत्रांवर शुहूर सन आणि मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख, असते. शुहूर सनात 599 किंवा 600 मिळवलं की इसवी सन. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून जूनच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांना आकडा वेगळा. 1773 ऑगस्ट म्हणजे शुहूर 1174. आता 599 मिळवून बघा.

सतराव्या शतकाची गोष्ट असेल तर आणखी फास. इंग्रज जुनी ज्युलियन कालगणना 1752 पर्यंत धरून होते, पोर्तुगीज 1580 च्या दशकातच नव्यावर गेले. सुरतेच्या इंग्रज वखारीचं पत्र आणि गोव्याच्या पोर्तुगीजांचं पत्र, दोन्हींत एकाच दिवसाची तारीख 10 दिवसांनी वेगळी. शिवजन्म 19 फेब्रुवारी 1630 ही ज्युलियन, नव्या गणनेने 1 मार्च. कादंबरीकाराने दोन्ही पत्रं सरळ एका पानावर मांडली तर हेर घटना घडायच्या आधीच बातमी पोचवतो.

शुभांगी ताई, बी-402
मतदान मोजलं. मलबार हिल 11, मिडनाइट 6, राजाबाई टॉवर 4. तर मॅसी. पहिल्या आठवड्यात कागद आणि सह्यांपर्यंत, म्हणजे कारभाऱ्याचं काय होतं तिथे थांबायचं. पुढचं बोलायला वेगळा ग्रुप करते, ज्यांचं संपलंय त्यांनीच त्यात यायचं. काका, त्या दिवशी बॉम्बे टाइमचं पुन्हा सांगा, 39 मिनिटांचं गणित मला अजून उलटं पडतंय.

जोगळेकर काका, ए-101
आपल्या घड्याळात 12 वाजले की बॉम्बे टाइमने 11:21. वजा करायचे, मिळवायचे नाहीत.