एलिझाबेथने बंडखोरांना 'पोटात घातलं' म्हणे!

खवचट_काका:
काल इथे कोणीतरी लिहिलंय की इंग्लंडची कॅथलिक राणी मेरी ट्यूडर रक्तपिपासू आणि तिच्यानंतर गादीवर आलेली तिची प्रोटेस्टंट धाकटी बहीण एलिझाबेथ इतकी मोठ्या मनाची की उत्तरेतल्या बंडखोरांनासुद्धा तिने पोटात घातलं. वाचता वाचता चहा गार झाला माझा. अहो, नोव्हेंबर 1569 मध्ये नॉर्थंबरलंड आणि वेस्टमोरलंडच्या अर्लांनी, म्हणजे उत्तरेतल्या दोन कॅथलिक सरदारांनी, डरहमच्या कॅथेड्रलमध्ये घुसून इंग्रजी बायबल फाडलं, लॅटिन मिस्सा म्हणजे जुनी कॅथलिक उपासना लावली, महिनाभर धुमाकूळ घातला आणि राणीचं सैन्य येतंय कळल्यावर दोघेही स्कॉटलंडात पसार. मोठी लढाई झालीच नाही. मग जानेवारीत फाश्या कोणाला? मागे राहिलेल्या गडीमाणसांना! सातशेच्या आसपास माणसं टांगायचा कोटा, तोही गावागणिक वाटून दिलेला, मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायदा लावलेला त्यामुळे ज्युरीबिरी काही नाही. प्रत्यक्षात किती टांगले यावर इतिहासकार अजून भांडतात पण शेकड्यांनी टांगले यावर कोणी भांडत नाही. ह्याला पोटात घालणं म्हणतात होय?

टेम्सकाठची:
ती पोस्ट माझीच होती, 'कोणीतरी' काय, नाव घ्यायला लाजताय का? मेरीने सुमारे 280 प्रोटेस्टंट जिवंत जाळले ते सोयीस्कर विसरलात. आणि एलिझाबेथला पोपने बहिष्कृत केलं, प्रजेला सांगितलं की हिचं ऐकू नका. मग त्या पोपच्या माणसांना तिने काय ओवाळायचं होतं?

खवचट_काका:
पोपचं फर्मान 25 फेब्रुवारी 1570 चं. माणसं टांगली जानेवारीत. आधी कळस मग पाया झाला हा.
जाळपोळीचं मी नाकारतच नाही, पण विषय बंडानंतरचा आहे ना? 1554 मध्ये मेरीविरुद्ध उठलेल्या टॉमस वायटचे लोक थेट लंडनच्या वेशीवर आले होते. त्यात फाशी गेलेले शंभराच्या आतबाहेर आणि शेकडो जणांना गळ्यात दोर घालून मेरीसमोर उभं केलं आणि सोडून दिलं. हां, मेरीच्या आधी नऊ दिवस राणी झालेली जेन ग्रे मात्र गेली, बंड तिच्या बापाने केलं आणि मान हिची. पण एलिझाबेथवर संशय असूनही लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत दोन महिने ठेवून जिवंत बाहेर सोडली ती ह्याच रक्तपिपासू बहिणीने.

टेम्सकाठची:
बरं बाबा, तारीख चुकली, वाटा पेढे. बाकी मुद्दा सोडत नाहीये मी.

निवृत्त_तलाठी:
खरी गंमत कोणी सांगितलीच नाही. ज्याच्या नावावर स्वतःची जमीन आहे किंवा जो पैसेवाला आहे त्याला असं परस्पर टांगू नका, असा हुकूमच होता. का? तर मार्शल लॉखाली मारला तर जमीन सरकारजमा होत नाही, रीतसर खटला चालवून राजद्रोही ठरवला तरच होते. म्हणजे भूमिहीन झाडावर आणि जमीनवाला कोर्टात, तिथे जमीन देऊन जीव वाचवायची सोय. पुढे डरहमचा बिशप म्हणाला माझ्या हद्दीतल्या जप्त्या माझ्या, तर पार्लमेंटात कायदा करून त्याही राणीने घेतल्या.
मी 31 वर्षं तलाठी होतो. तगाईच्या वसुलीत एकाच्या दारातल्या दोन म्हशी सोडून आणल्या, त्याची म्हातारी म्हशीच्या गळ्याला मिठी मारून बसली होती. त्याच दिवशी चाळीस एकर बागायतवाल्याकडे साहेबांबरोबर बसून चहा घेतला, पोहेपण खाल्ले. थकबाकी त्याचीच जास्त होती. त्यामुळे मला तो कोटा वाचून काडीचंही नवल वाटलं नाही.

शब्दकिडा:
सगळे 'बंड' 'बंड' काय लावलंय? उठाव म्हणा. बंड हा सरकारी शब्द आहे.

खवचट_काका:
आला! म्हशी मेल्या तरी ह्याला व्याकरण.

शब्दकिडा:
हसा. शाळेत मी 1857 चा उठाव लिहिलं तर बाईंनी लाल पेनाने खोडून बंड केलं आणि दोन मार्क कापले. वडील शाळेत भांडायला गेले होते. त्यामुळे हा माझा पोटतिडकीचा विषय आहे. 1536 मध्ये एलिझाबेथच्या बापाच्या, आठव्या हेन्रीच्या, धर्मबदलाविरुद्ध रॉबर्ट आस्कबरोबर उत्तरेत तीसेक हजार लोक निघाले ते स्वतःला यात्रेकरू म्हणवत होते, शपथ घेतलेली, ख्रिस्ताच्या पाच जखमांचं निशाण पुढे. वारीच म्हणा ना. तुम्ही बंड म्हटलं की पुढची फाशी आपोआप कायदेशीर वाटायला लागते.

टेम्सकाठची:
वारीत कोणी तलवारी घेऊन जातं का? वारकऱ्यांना मध्ये आणू नका, माझी आजी दरवर्षी पायी जायची.

शब्दकिडा:
तुमच्या आजीला हेन्रीने माफी कबूल केली नव्हती ना? आस्कला केली. ख्रिसमसला लंडनला पाहुणा म्हणून बोलावलं आणि जुलै 1537 मध्ये यॉर्कला साखळदंडात टांगला.

टेम्सकाठची:
अर्धवट सांगू नका हो. मध्ये जानेवारीत बिगॉड नावाच्या दुसऱ्या बंडखोराने पुन्हा डोकं वर काढलं म्हणून माफी गेली.

शब्दकिडा:
आस्क तर लोकांना त्यात जाऊ नका म्हणून सांगत फिरत होता! आणि कंबरलंडकडच्या 74 जणांना त्यांच्याच गावात टांगलं, बायकांनी रात्री नवऱ्यांची प्रेतं उतरवून पुरली तर राजा म्हणतो ह्याची चौकशी करा. त्या बायकापण बंडखोर का मग?

टेम्सकाठची:
हे माहीत नव्हतं. उठाव म्हणा, वारी म्हणा, काय हवं ते म्हणा. पण हा हेन्री झाला, एलिझाबेथ नाही.

निवृत्त_तलाठी:
बाप तशी लेक. ते दोन अर्ल शेवटी सुटलेच का?

खवचट_काका:
वेस्टमोरलंड स्पेनच्या ताब्यातल्या फ्लँडर्सला पळाला, स्पेनच्या पेन्शनवर जगला, 1601 मध्ये तिकडेच गेला. नॉर्थंबरलंडला स्कॉटांकडून 2000 पौंडांना विकत घेऊन 1572 मध्ये यॉर्कला मुंडकं उडवलं.

टेम्सकाठची:
बघा, एक तरी मोठा मासा लागला की नाही गळाला?

निवृत्त_तलाठी:
लागला, पण पैसे मोजून.

शब्दकिडा:
आणि काका, ते 'फाश्या' हे अनेकवचन कुठून काढलंत?