मदत हवी आहे: मांगातले (जपानी कॉमिक्समधले) बदामाचे, भोवऱ्याचे, पांढरे डोळे ताईला मराठीत कसे वाचून दाखवू?

नमस्कार. जरा लांबून सांगते, नाहीतर अडचण नेमकी कळायची नाही.

माझी ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, आणि गेल्या दीड वर्षापासून उजेड की अंधार एवढंच कळतं. मांगाचं वेड मला तिनेच लावलं. आता मी वाचते आणि ती ऐकते. ती पुण्यात, मी नागपुरात, रोज रात्री साडेनऊला फोन. इंग्रजी भाषांतर माझ्यासमोर असतं आणि मी एकेक चौकट मराठीत सांगत जाते. सध्या 'वन पीस' घेतलंय. १९९७ पासून चालू असलेली मालिका, हजाराच्या वर प्रकरणं. म्हणजे पुढची काही वर्षं आम्हाला काळजी नाही.

संवाद जमतात. मारामारीही जमते. घोडं अडतं ते डोळ्यांपाशी.

मागच्या आठवड्यात सांजीची एक चौकट आली. सांजी म्हणजे जहाजावरचा आचारी; सुंदर बाई दिसली की त्याच्या डोळ्यांचे बदाम होतात. मी घाईघाईत म्हटलं, "त्याच्या डोळ्यांत प्रेम दाटून आलं." ताई गप्प झाली. पाच-सहा पानं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "मग ती निघून गेली तेव्हा याला काहीच कसं वाटलं नाही?" तेव्हा मला कळलं की मी तिला भलतीच गोष्ट सांगितली होती. तिच्या मनात एक खरा, दुखावलेला प्रेमी उभा राहिला होता आणि पानावर तर नुसती धमाल होती. मी म्हटलं, "अगं, डोळ्यांचे बदाम झाले होते त्याच्या." तर म्हणाली, "मग बदाम म्हण ना! आणि बदाम डोळ्यात होता, डोळ्याच्या जागी होता, की डोळ्यातून बाहेर आला होता?"

मी पान उलटून पुन्हा पाहिलं. बाहेर आला होता. इतकी वर्षं ही चित्रं पाहतेय, पण हा फरक मी कधी पाहिलाच नव्हता.

ताईला हे सगळं आठवतं, कारण तिने ते भरपूर पाहिलंय. डोरेमॉनमध्ये नोबिताने चष्मा काढला की त्याचे डोळे तीनच्या आकड्यासारखे व्हायचे, हे तिनेच मला लहानपणी दाखवलं होतं. (आपला ३ सुद्धा जवळपास तसाच, फक्त शेपटी वगळायची. ती वहीत मराठी तीन काढून त्याला शेपटीच्या जागी तोंड द्यायची.) पोकेमॉन हरला की डोळ्यांत भोवरा. 'वन पीस'मधल्या नामीला खजिना दिसला की बुबुळांच्या जागी पैशाचं चिन्ह. हे सगळं तिच्या डोक्यात साठवलेलं आहे. माझ्या एका शब्दाने ते चित्र तिच्यासमोर यायला हवं, आणि तो शब्द माझ्याकडे नाही.

अडतं ते असं. प्रत्येक वेळी आकार सांगत बसले, "डोळे गोल, आत वेटोळं, तोंड लाटेसारखं", तर विनोद मरून जातो. भूमितीचा तास वाटतो. नुसता भाव सांगितला, "तो चक्रावला", तर मीच सगळं ठरवून मोकळी होते. चित्र बघणारा अर्थ स्वतः लावतो. तो तिचा हक्क मी का काढून घ्यायचा?

त्यातून काही डोळे मला स्वतःलाच नीट कळत नाहीत. पूर्ण पांढरे, बुबुळ नसलेले डोळे म्हणजे भीती, धक्का की बेशुद्धी? डोळ्यातला चमकीचा ठिपका नाहीसा होतो तेव्हा नक्की काय झालेलं असतं? आणि 'ओशी नो को' पुढे वाचायचं ठरलंय, त्यात तर डोळ्यांतले तारे कायमचेच आहेत. ते कसे सांगायचे?

आणखी एक ताईचा प्रश्न, जसाच्या तसा: "सगळं डोळ्यांतच का घालतात? तोंडाने काय पाप केलंय?"

जपानी जाणणारे, चित्रं काढणारे, किंवा कुणाला असं वाचून दाखवण्याचा अनुभव असलेले, कृपया लिहा. लांब प्रतिसाद चालतील. मी ते तिला वाचून दाखवणार आहे.

प्रतिसाद: जपानीची_मास्तरीण

तुमचा धागा वाचून आज वर्गाची तयारी बाजूला ठेवली.

आधी नाव सांगते. अशा चिन्हांना जपानीत 'मांपु' म्हणतात, म्हणजे मांगातली चिन्हं. कपाळावरचा घामाचा थेंब, झोपलेल्याच्या नाकातून येणारा फुगा, रागाची फुगलेली शीर, हे सगळं मांपु. डोळ्यांतले बदाम आणि भोवरे त्यांचेच सख्खे भाऊ.

आणि मराठीत शब्द नाहीत असं समजू नका. उलट आपल्याकडे ते इतके आहेत की मला दर वर्षी नव्याने आनंद होतो. भोवऱ्याच्या डोळ्यांना जपानीत 'गुरुगुरु' म्हणतात. आपलं 'गरगर' घ्या! अर्थ तोच, आवाजही शेजारचाच. "डोळे गरगरले" म्हटलं की आकारही आला आणि भावही आला, भूमितीचा तास नको.

पांढऱ्या डोळ्यांना 'शिरोमे' म्हणतात, शब्दशः पांढरा डोळा. आपण बिल बघून "डोळे पांढरे झाले" म्हणतो, अगदी तेच चित्र. १९७६ साली सुरू झालेल्या मिउची सुझुए यांच्या 'गारासु नो कामेन' या रंगभूमीवरच्या मांगात हे डोळे फार गाजले. पात्राला जबर धक्का बसला की बुबुळं पुसली जातात, मागे काळोख, वीज. तिथे तो धक्का गंभीर असतो. नंतरच्या मांगात तेच डोळे विनोदासाठीही वापरू लागले. म्हणून भीती की धक्का हे आजूबाजूच्या चौकटी सांगतात, डोळा फक्त "सहन होण्यापलीकडचं आहे" एवढंच सांगतो.

सांजीच्या बदामांना जपानी शब्द 'मेरोमेरो'. त्याला मराठीत 'पाघळणे' याहून चांगलं काही मला सुचत नाही. "डोळ्यांचे बदाम झाले, सांजी पाघळला." यात खऱ्या प्रेमाचा घोटाळा होत नाही. हा शब्द आत्ताच पक्का करून ठेवा, कारण पुढे याच मेरोमेरो नावाचं एक फळ गोष्टीत येणार आहे. त्याहून जास्त सांगत नाही.

ताईंच्या तोंडाच्या प्रश्नाला: जपानी लोक टाइप करून जे चेहरे बनवतात ते आठवा. ते आडवे नसतात, सरळ असतात, आणि बदलतात ते डोळे: हसरा ^_^, रडका T_T, गरगरलेला @_@. तोंड बहुतेक वेळा नुसती रेघ. पाश्चात्त्य :) मध्ये डोळे तेच दोन टिंब आणि सगळा भाव तोंडात. होक्काइडो विद्यापीठाचे मासाकी युकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. समोरच्याच्या चेहऱ्यावरून भाव ओळखताना जपानी विद्यार्थी डोळ्यांना जास्त वजन देत होते, अमेरिकन विद्यार्थी तोंडाला. तोंड हसवणं सोपं असतं, डोळे हसवणं अवघड. जिथे मनातलं लगेच बोलून न दाखवण्याची रीत आहे तिथे लोक डोळे वाचायला शिकतात, असं त्यामागचं म्हणणं.

प्रतिसाद: विदर्भी_वाचक

माझं मत वेगळं आहे. भावच सांगा, आकार नको. आपण कादंबरी वाचून दाखवताना टाइप कुठला आहे हे सांगतो का?

प्रतिसाद: काळी_शाई

विदर्भी_वाचक, असहमत. इथे आकार हा टाइप नाही, तो शब्द आहे.

मी कॉमिक्स काढतो. धागाकर्तीच्या ताईंनी जो प्रश्न विचारला, आत की जागी की बाहेर, तो चित्रकाराच्या कामाचा गाभा आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा.

बुबुळाच्या आत छोटा बदाम किंवा तारा असेल तर पात्र अजून माणूस आहे. पापण्या आहेत, पांढरा भाग आहे, भावना त्याच्या आत आहे. अख्खा डोळाच चिन्ह झाला (नोबिताचा ३, घट्ट मिटलेले > <, हसणाऱ्या दोन कमानी), तर चित्रकाराने चेहरा क्षणभर मोडून टाकला आहे. जपानी लोक याला 'देफोरुमे' म्हणतात. गोष्ट तेवढा एक क्षण गांभीर्य सोडते. आणि चिन्ह डोळ्यातून उडी मारून बाहेर आलं तर ती दवंडी आहे, सगळ्या जहाजाने ऐकावी अशी. तुमच्या सांजीचं हेच झालं होतं. म्हणून "प्रेम दाटून आलं" चुकलं. दाटतं ते आत.

हे डोळ्यांतच का, याला एक साधं, छापखान्याचं कारणही आहे. मांगा साप्ताहिकं काळ्या शाईत, स्वस्त खरखरीत कागदावर छापली जातात. गाल लाल करता येत नाहीत. चौकट बोटभर. त्यात चेहऱ्यावरची सगळ्यात मोठी मोकळी जागा डोळा, तर चिन्ह तिथेच बसणार. दूरदर्शन मालिकांचंही तसंच. १९६३ मध्ये मांगाकार तेझुका ओसामू यांची 'तेत्सुवान आतोमु' (अॅस्ट्रो बॉय) दर आठवड्याला येऊ लागली तेव्हा कमीत कमी चित्रांत काम भागवावं लागलं. चेहऱ्याचा प्रत्येक स्नायू हलवण्यापेक्षा बुबुळाच्या जागी भोवरा टाकला की प्रेक्षकाला कळतं आणि हात वाचतो.

ठिपक्याबद्दल. तो पांढरा ठिपका म्हणजे शाई न लावलेली जागा. बाहेरचा उजेड डोळ्यात पडतोय, म्हणजे माणूस बाहेरच्या जगाशी जोडलेला आहे. तो ठिपका भरून टाकला की उजेड आत येणं बंद. आशा संपली, किंवा कुणाच्या तरी ताब्यात गेला, किंवा मन कुठल्या तरी एकाच विचारात बुडालं. मी याला "डोळे विझले" म्हणेन. इथे चिन्ह नसणं हेच चिन्ह आहे, त्यामुळे हे सांगायला मात्र विसरू नका. नवखे वाचक हेच सगळ्यात जास्त चुकवतात.

तारे मुळात भावनेचे नव्हतेच. १९५० च्या दशकात ताकाहाशी माकोतो यांनी मुलींच्या मासिकांसाठी काढलेल्या चित्रांत डोळ्यांत तारे चमकू लागले. तेझुकांच्या 'रिबोन नो किशी' (१९५३) मधले मोठे चमकदार डोळेही बघा. तेझुका ताकाराझुका गावात वाढले, तिथल्या बायकांच्या संगीत नाटकमंडळीचे प्रयोग बघत. तेव्हा तारा असणं म्हणजे "हिच्या मनात बरंच काही आहे". कायमचं. हरखल्यावर क्षणभर येणारा तारा वेगळा. 'ओशी नो को' (२०२०) पहिल्या जातीत मोडतं आणि तिथे एक गंमत केली आहे. आईच्या दोन्ही डोळ्यांत तारे, जुळ्या मुलांच्या एकेकाच डोळ्यात. आणि तारा पांढरा आहे की काळा, यावर लक्ष ठेवा. रंग बदलला की प्रत्येक वेळी सांगायलाच हवं.

मराठीत हरखलेल्या ताऱ्याला "डोळे लकाकले" म्हणा. "काजवे चमकले" नको, ते डोक्यात टपली बसल्यावरचे.

प्रतिसाद: सहा_टिंबं

मी जन्मापासून अंध आहे. धागा स्क्रीन रीडरवर ऐकला, म्हणून ^_^ ऐवजी मला काहीतरी विचित्र ऐकू आलं, ते असो.

आकार की भाव, यावर माझा अनुभव सांगतो. फोनवर इमोजी आली की स्क्रीन रीडर तिचं नाव वाचतो. एकीचं नाव आहे 'बदामाच्या आकाराचे डोळे असलेला हसरा चेहरा'. भाव कुठेच सांगितलेला नाही. पहिल्यांदा मला अर्थ लावावा लागला, तेव्हापासून ती माझी झाली. दुसरी एक आहे, तिचं इंग्रजी नाव नुसतं 'रागाचं चिन्ह'. अर्थ सांगितला, आकार नाही. मी ती कित्येक वर्षं वापरत होतो आणि ती दिसते कशी हे मला माहीतच नव्हतं. मग एका मित्राने माझ्या तळहातावर बोटाने काढून दाखवली: चार वाकड्या रेघा, मधली जागा रिकामी, फुगलेल्या शिरा. त्या दिवशी कळलं की राग कपाळावर असा दिसतो. म्हणून विदर्भी_वाचक, भाव मला आधीच माहीत होता. राहिलं होतं ते चित्र.

उपाय सोपा आहे. जाड पुठ्ठ्यावर फेविकॉलने सुतळी चिकटवा. बदाम, भोवरा, तारा, ३, कमान. भोवऱ्याला सुतळीच बरी, बोट आत आत फिरत जातं. एका कार्डावर रिकामं वर्तुळ ठेवा, तो पांढरा डोळा. काळ्या विझलेल्या डोळ्यासाठी वर्तुळात मखमल भरा. ताईंच्या हातात संच द्या आणि फोनवर फक्त नाव घ्या. त्यांनी हे आकार पाहिलेले आहेत, बोटं लवकर ओळखतील.

आणि आवाज वापरा. 'बाहेर आलेला बदाम' ओरडून सांगा. 'डोळे विझले' हळू, आणि त्यानंतर थोडं थांबा. ते थांबणं आम्हाला ऐकू येतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण कार्डं करून कुरिअरने पाठवली आणि ती पोचायची वाट पाहिली.

काल रात्री पहिल्यांदा तसं वाचलं. मी "जागी, गरगर" म्हटलं आणि पलीकडून सुतळीवर बोट फिरल्याचा बारीक खरखर आवाज आला. मग ताई हसली. विनोद सांगून संपायच्या आधी हसली, पूर्वी मी तिच्या खांद्यावरून पानात डोकावायचे तेव्हा हसायची तशी. 'पाघळला' तर तिला इतका आवडला की आता घरात भावजींसाठीही वापरते आहे. काळी_शाई, तुमचा नमस्कार पोचवला. "दाटतं ते आत" हे वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं.

मखमलीचं कार्ड तिने बराच वेळ हातात धरलं होतं. काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

आता तिने नवीन प्रश्न काढलाय आणि माझ्याकडे उत्तर नाही. चष्मेवाल्या पात्रांच्या काचा कधीकधी एकदम पांढऱ्या चमकतात आणि मागचे डोळे दिसतच नाहीत. हा पांढरा डोळा नाही, विझलेलाही नाही. डोळा आहे पण आपल्याला दाखवत नाहीत. याला मराठीत काय म्हणू? आणि कार्डावर काय चिकटवू? मी गुळगुळीत प्लॅस्टिकचा विचार करतेय, बोट घसरेल असं. सहा_टिंबं, तुम्हाला काय वाटतं?