मदत हवी आहे: एकत्र सोडलेले उपग्रह पुन्हा एकमेकांना गाठत कसे नाहीत?

मंडळी, आठवीच्या मुलांसमोर पीएसएलव्ही-सी३७ या रॉकेटच्या उड्डाणाबद्दल बोलायचंय. १५ फेब्रुवारी २०१७ ला इस्रोने श्रीहरिकोट्याहून एका दमात १०४ उपग्रह नेले, तेच उड्डाण. आधी ७१४ किलोचा कार्टोसॅट-२ मालिकेतला उपग्रह, मग इस्रोचेच दोन छोटे आणि मागून १०१ परदेशी पाहुणे. त्यातले ८८ तर एकट्या प्लॅनेट कंपनीचे, पाचेक किलोचे 'डव्ह'.

छोटे उपग्रह ज्यात ठेवलेले असतात त्या डब्याचं झाकण उघडतं, आतली स्प्रिंग उपग्रहाला बाहेर ढकलते, दिशा आणि वेळ थोडी थोडी बदलत जाते, इथवर कळलं. अडतंय पुढे. सगळे साधारण ५०५ किमीवर, जवळपास एकाच कक्षेत. मग दीड तासाने प्रदक्षिणा पूर्ण झाली की पुन्हा त्याच जागी गर्दी का होत नाही? स्प्रिंगच्या एवढ्याशा धक्क्याने प्रदक्षिणेच्या वेळात पुरेसा फरक पडतो का? आणि जमिनीवरच्या रडारला यातला कुठला कोणाचा, हे कसं उमगतं?

पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजचा किलोभराचा 'स्वयम्' उपग्रह जून २०१६ मध्ये पीएसएलव्ही-सी३४ वरून असाच गेला होता. त्या चमूतलं कोणी इथे असेल तर फारच बरं. समीकरणं नकोत, प्लीज. फळ्यावर काढता येईल अशी आकृती सुचवा. पोरं प्रश्न विचारून भंडावून सोडतात.