बदकाची टकली पिल्लं: तुमच्याकडे कधी झालंय असं?

सायली_कु

काल संध्याकाळी खालच्या मजल्यावरची चिमुरडी बुटाच्या खोक्यात बदकाचं पिल्लू घेऊन दारात उभी. कुठल्याशा जत्रेत बाबांच्या मागे लागून घेतलेलं. पाठीवरची लव गेलेली, खांद्यावर काट्यांसारखे कोंब, मधली कातडी लालबुंद. "मावशी, याला खरूज झालीय का गं?"

मला एकदम १९८९ चा पावसाळा आठवला. आजोळ सावंतवाडीजवळ. आजोबांनी कुठूनतरी बदकाची बारा अंडी आणून खुडूक कोंबडीखाली ठेवली. २१ दिवस झाले तरी काही हलेना. कोंबडी उठायला बघायची आणि आजी तिला दम द्यायची, "बस गो बाय अजून आठवडाभर." अठ्ठाविसाव्या दिवशी नऊ पिल्लं. पिवळीधम्मक.

पडवीत म्हशीसाठी आणलेलं शेंगदाण्याच्या पेंडीचं अर्धं पोतं पडून होतं. जुलैच्या पावसात त्याला कुबट वास यायचा. तीच पेंड भिजवून पिल्लांना. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती एकमेकांची पिसं ओढायला लागली. पाठी उघड्या पडल्या, कुठे कुठे रक्त. पायांचे पंजे जांभळट दिसायचे. जांभळांचे दिवस केव्हाच सरले होते, तरी आम्ही मुलं हसायचो, जांभळं तुडवून आलीत म्हणून.

आजी म्हणाली, करंजेल (करंजाच्या बियांचं तेल) आणि हळद लावा. ते काम माझ्याकडे. मी नऊ वर्षांची. इतकं मन लावून चोळलं मी, शेपटीपासून मानेपर्यंत, एकही जागा सोडली नाही. त्याच रात्री पाऊस आला, खुराड्यात पाणी शिरलं. सकाळी दोन पिल्लं ताठ झालेली होती.

बाकीची सात मग आजोबांनी वैतागून मळ्यात सोडून दिली. "जगतली तर जगतली." महिन्याभरात अशी भरली की ओळखू येईनात! भाताच्या खाचरात दिवसभर गोगलगायी वेचायची. का बरी झाली, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

कोणी बदकं पाळलीत का इथे? लिहा. आणि हो, त्या चिमुरडीला काय सांगू?

बाबू_वेंगुर्ला

माझ्या आवशीन पण असांच केल्यान. करंजेल म्हणजे आमचो धन्वंतरी. गुडघो दुखलो करंजेल, म्हशीक खरूज करंजेल, दाराची बिजागरी वाजली करंजेल.

नेहा_आयोवा

सायली, वाचून वाईट वाटलं गं. नऊ वर्षांच्या पोरीला काय कळणार.

आमच्याकडे (अमेरिकेत, मक्याच्या शेतांच्या मधोमध राहतो) वसंतात पशुखाद्याच्या दुकानात पिल्लांचे टबच्या टब येतात. मुलांनी हट्ट केला, सहा आणली. दुकानदाराने कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य दिलं. तीन आठवड्यांनी एकाचे पाय कमानीसारखे वाकडे, पिसंही विरळ. शेजारच्या आजीबाई कुंपणावरून बघूनच म्हणाल्या, नियासिन कमी पडतंय. बदकाच्या पिल्लाला हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लाच्या दुपटीच्या आसपास लागतं म्हणे, किलोमागे ५५ मिलिग्रॅम वगैरे. ब्रूअर्स यीस्ट (नियासिन असलेली यीस्टची पूड) आणलं, कपभर खाद्याला एक मोठा चमचा. चार दिवसांत चालायला लागलं. पण कायमचं लंगडं राहिलं, उशीर झाला होता. त्याचं नाव तैमूर. (मुलाला तेव्हा शाळेत इतिहास होता.)

बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

मंदार_चिपळूण

माझ्याकडे खाकी कॅम्पबेल जातीची ४० बदकं आहेत, पाच वर्षं झाली. पहिल्याच बॅचला हाच प्रकार. कारणं साधी होती, पण कळायला महिना गेला.

१०० चौरस फुटांच्या खोलीत सगळी कोंबलेली. वर दोनशेचा पांढरा बल्ब रात्रंदिवस. पहिल्या आठवड्यात ३२ अंश ठीक, पण पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नाही. पिल्लं उकाड्याने कावली आणि चोची मारत सुटली. नवीन फुटणारं पीस रक्ताने भरलेलं असतं, एक तुटलं की लाल ठिपका दिसतो, मग सगळी तिथेच टोचतात. एका पिल्लाची शेपूट रात्रीत साफ.

बल्ब लाल आणि कमी वॅटचा केला, जखमी वेगळी काढली, अंगणात जाळी मारून जागा तिप्पट केली. खाली भाताचं तूस, रोज वर कोरडा थर. ओल्या तुसाचा वास डोळ्याला झोंबला की समजायचं, पिल्लाच्या पोटाची कातडीही भाजतेय. कण्यांत मूठभर सुका जवळा घालायला लागलो तशी पिसं धरली.

ता.क. पाण्याचं भांडं चोच नाकपुडीपर्यंत बुडेल इतकं खोल हवं. माझ्याकडे उथळ ताटल्या होत्या, पिल्लांच्या डोळ्यांना चिपडं धरायची.

खादाड_बोका

४० खाकी कॅम्पबेल!!! मंदारराव, अंडी विकता का? बदकाच्या अंड्याचं ऑम्लेट खाल्लेल्या माणसाला कोंबडीचं म्हणजे पाणी वाटतं.

विनया

बोक्या, लोक मेलेल्या पिल्लांबद्दल लिहितायत.

खादाड_बोका

सॉरी सॉरी. पण विकता का?

मंदार_चिपळूण

हाहा. विकतो. वर्षाला अडीचशे-तीनशे देते एकेक. दादरला एक बेकरीवाला नेतो केकसाठी.

श्रीरंग६१

अवांतर: आमच्या खिडकीत दर पावसाळ्यात एक टकली साळुंकी येते. डोक्यावर एक पीस नाही, पिवळी कातडी नुसती. सौ. तिला आमच्या एका मेहुण्याच्या नावाने हाक मारते. नाव सांगत नाही, तोही इथे वाचतो.

पशुवैद्य_काका

सायलीताई, उशिरा वाचलं. निवृत्त आहे, ३४ वर्षं तालुक्याच्या दवाखान्यांत गेली. ३५ वर्षांपूर्वीचं निदान आज कुणी करू नये, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात कुबट पेंड आणि जांभळे पंजे हे दोन शब्द वाचून मी चष्मा काढून ठेवला.

शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी आली की तिच्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पटापट मेल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे. त्या विषाचा शोध तिथूनच लागला. पाळीव पक्ष्यांत या विषाला सगळ्यात हळवं कोण, तर बदकाचं पिल्लू. इतकं, की पुढे धान्यात विष आहे का हे तपासायला प्रयोगशाळेत बदकाचीच पिल्लं वापरत. वाढ खुंटणं, एकमेकांची पिसं उपटणं, पाय-पंजे जांभळे पडणं, लंगडणं हे सगळं त्यात बसतं. पेंड उकळली तरी विष जात नाही. तुमच्या आजोबांनी वैतागून मळ्यात सोडली म्हणजे पेंड सुटली, गोगलगायींतून प्रथिनं मिळाली आणि गर्दी मोडली. म्हणून जगली असावीत.

आता तेलाचं. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते, चोचीने ते तेल पिसांवर पसरवतं. पिल्लाची गाठ सुरुवातीचे काही आठवडे कामाला लागलेली नसते, त्याला आईच्या पोटाशी घासून तेल मिळतं. कोंबडीखाली वाढलेल्याला तेही नाही. वरून तेल चोळलं की लव चिकटते, मधली हवा जाते आणि पिल्लू गारठतं. त्यामुळे बदकाला तेल लावू नये. पण ताई, विषाने लिव्हर गेलेलं पिल्लू त्या पावसात तसंही काढणं कठीण होतं. दोघांचा हिशेब एकट्या तुमच्या हातावर मांडू नका.

चिमुरडीला सांगा: तीन-चार आठवड्यांचं पिल्लू असंच भिकारडं दिसतं. लव गळते, खांदे, पोट आणि शेपूट आधी भरतात, पाठ आणि पंख शेवटी. सात-आठ आठवड्यांनी पूर्ण होतं. कातडी कोरडी आणि गुलाबी असेल, पिल्लू खात असेल तर काही करू नका. खपल्या, रक्त किंवा ओला घाण वास असेल तर दवाखाना. रात्री टॉर्च घेऊन शेपटीखाली बघा, काळे ठिपके हलताना दिसले तर किडे आहेत. पण कृपा करून गुरांच्या गोचिडांचं औषध ओतू नका. एका गृहस्थांनी ओतलं होतं. सकाळी माझ्याकडे पाटीभरून आणली, एकही जिवंत नव्हतं.

विनया

काका __/\__

बाबू_वेंगुर्ला

डॉक्टरांक सलाम. बिजागरीक मात्र करंजेलच लावणार.

सायली_कु

काका, दुपारपासून तीनदा वाचला तुमचा प्रतिसाद. आईला फोन करून वाचून दाखवला. ती म्हणाली, आजीला मरेपर्यंत वाटायचं की रात्री खुराड्याची फळी नीट लावली नाही म्हणून गेली ती पिल्लं. म्हणजे मी तेल घेऊन बसले होते आणि ती फळी घेऊन. एकमेकींना कधी बोललो नाही.

प्रभा_आलप्पुळा

बँकेच्या बदलीने चार वर्षं केरळात आलप्पुळ्याला होते. तिथल्या कुट्टनाड भागात भातकापणी झाली की हजार-हजार बदकांचे कळप रिकाम्या शेतात उतरवतात, मागे होडीत काठी घेतलेला एकच माणूस. चारा आणि चेंबल्ली या तिथल्या जाती. त्यातल्या एका म्हाताऱ्या राखणदाराला मी विचारलं होतं (खुणांनी, माझं मल्याळम 'चाया' च्या पुढे गेलं नाही) की यांच्या पाठी अशा चमकतात कशा. त्याने खाली पाण्याकडे बोट दाखवलं आणि निघून गेला.

२०१४ च्या नोव्हेंबरात बर्ड फ्लू आला आणि कळपच्या कळप मारून जाळले. आमच्या शाखेत कर्जाची मुदत वाढवून मागायला रांग लागली होती. त्यावर नको लिहायला आत्ता.

अवनी_ठाणे

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझ्याकडे तीन पिल्लं आहेत, साधारण पाच आठवड्यांची, पांढरी. फ्लॅटमध्ये आहोत (ओरडू नका, बहिणीच्या शेतावर जाणारेत पुढच्या महिन्यात). पोटाखालची पिसं कायम ओली आणि मळकट, तिथे थोडं विरळ झालंय. पाणी प्यायला वाटी ठेवते. अंघोळ घालत नाही, सर्दी होईल म्हणून. चुकतंय का?

मंदार_चिपळूण

वाटी??

नेहा_आयोवा

कुकर झाला, आले परत. अवनी, पाच आठवड्यांच्या बदकाला वाटी म्हणजे तुला चमच्याने अंघोळ.

पशुवैद्य_काका

अवनीताई, सर्दी अंघोळीने नाही होणार, ओल्या घाण बिछान्याने होईल. दुपारी उन्हाच्या वेळी टबात चारेक इंच स्वच्छ कोमट पाणी, दहा मिनिटं, तुमच्या डोळ्यांसमोर. मग कोरड्या जागी उबेत. साबण अजिबात नको. पाण्यात उतरलं की ते स्वतःच चोचीने पिसं विंचरायला लागतं, गाठ कामाला लागते. आणि खाली वर्तमानपत्र असेल तर काढा. घसरून पाय फाकतात, ओलही धरते.

अवनी_ठाणे

वर्तमानपत्रच आहे. काढते.

खादाड_बोका

मंदारराव, ठाण्यापर्यंत अंडी पोचवता का?

मंदार_चिपळूण

बोकोबा, व्यक्तिगत निरोप करा.

सायली_कु

खालची चिमुरडी आत्ता येऊन गेली. सांगितलं तिला, खरूज नाही, नवे कपडे शिवायला टाकलेत. तर म्हणते, "मग तोपर्यंत नागडं फिरणार?" टॉर्च लावून शेपटीखाली बघितलं, काही नाही. कातडी कोरडी आहे. तिच्या बाबांना यादी दिली आहे, त्यात जवळा बघून ते जरा बिचकले. शाकाहारी घर आहे.

श्रीरंग६१

मेहुण्याचा फोन आला होता.

अवनी_ठाणे

टबात सोडली! आधी कोपऱ्यात गोळा होऊन बसली, मग एकाने डुबकी मारली आणि पुढचं विचारू नका. पंधरा मिनिटं झाली तरी बाहेर येईनात. एक सारखं शेपटीकडे मान वळवून काहीतरी करतंय, तीच गाठ का काका? बाथरूमची भिंत पार छतापर्यंत ओली आहे. नवरा पुसतोय, आणि पुसता पुसता पुढचा महिना कधी लागतो ते विचारतोय.