लेखक आणि निर्माता दोन्ही आपणच : आधी काय करावे?

कोरापान :
पूर्ण लांबीच्या चित्रपटाची पटकथा तयार आहे. तिसरा खर्डा, ११२ पाने. त्यातले चार-पाच प्रसंग मित्राने लिहिलेत. स्टुडिओच्या दारात न जाता स्वतंत्रपणे निर्मिती करायची आहे आणि पुढेही लेखन-निर्मिती हाच व्यवसाय ठेवायचा आहे. गुंतवणूकदाराला भेटण्याआधी काय तयार हवे? आणि यातून निर्मात्याच्या हातात पैसे नेमके कधी येतात? जाणकारांनी जरा विस्ताराने सांगावे.

तिसरा_अंक :
सगळ्यात आधी त्या मित्राची सही घ्या. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन, कारण चित्रपट अडकतात ते इथेच. १८८६च्या बर्न करारात सामील असलेल्या देशांत कॉपीराइटसाठी नोंदणीची अट नाही. लिहिले की हक्क निर्माण झाला. म्हणजे ते चार-पाच प्रसंग आज कायद्याने मित्राचे आहेत, तुमचे नाहीत. त्याच्याकडून लेखी हक्क-हस्तांतरण घ्या. मोबदला किती, पडद्यावर श्रेय कोणत्या शब्दांत, पुढचा भाग किंवा मालिका निघाली तर त्याला काय, हे तिन्ही त्यात हवे. आज हे अर्ध्या तासात होते. चित्रपट विकला जायला लागल्यावर तीच सही फार महाग पडते.

दुसरे, या एका चित्रपटासाठी वेगळी कंपनी काढा आणि लेखक म्हणून तुमचे हक्क त्या कंपनीला लेखी द्या. स्वतःच स्वतःला कशाला लिहून द्यायचे, असे वाटेल. पण वितरक आणि विमा कंपनी हक्कांची सलग साखळी मागतात : मूळ लेखक ते निर्मिती कंपनी, मध्ये एकही कडी तुटलेली नको. शिवाय या चित्रपटाचे कर्ज पुढच्या चित्रपटाच्या मानगुटीवर बसत नाही.

दुसऱ्याची कथा घ्यायची असेल तर थेट विकत घेऊ नका, ऑप्शन घ्या, म्हणजे थोडी रक्कम देऊन ठरावीक मुदतीत ती विकत घेण्याचा हक्क राखून ठेवा. साधारण १२ ते १८ महिन्यांची मुदत, तेवढीच एक मुदतवाढ, आणि ऑप्शनची रक्कम बहुधा अंतिम किमतीच्या १० टक्क्यांच्या आसपास. तुम्ही लेखकाच्या बाजूला असाल तेव्हा मात्र ठरावीक वर्षांत चित्रीकरण सुरू झाले नाही तर हक्क परत मिळण्याचे कलम सोडू नका.

आठवा_भाग :
११२ पाने म्हणजे पानाला एक मिनिट या हिशेबाने पावणेदोन तासांपेक्षा थोडे जास्त. छोट्या युनिटला दिवसाला पाच पाने जमतात असे धरले तरी २३ दिवस. पण पाने सारखी नसतात. म्हणूनच शेड्यूल करताना प्रत्येक पानाचे आठ भाग करून प्रसंग मोजतात. दोघे टेबलाशी बोलताहेत अशी तीन पाने दुपारपर्यंत उरकतात. ‘जमाव दरवाजा फोडतो’ ही एकच ओळ पूर्ण दिवस खाते.

लेखक आणि निर्माता एकच असण्याचा खरा फायदा इथे आहे, तो वापरा. पटकथा हातात घेऊन लोकेशन, रात्रीचे बाह्य प्रसंग, लहान मुले, प्राणी, गाड्या आणि गर्दी वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करा. एका दिवसात लोकेशन बदलले की आवराआवर, प्रवास आणि पुन्हा मांडणी यात सहज दोन तास जातात. १८ लोकेशन असतील तर त्यांची ११ करता येतात का पाहा. रात्रीचा प्रसंग खरेच रात्रीच घडायला हवा का? रात्री काम झाले की युनिटला विश्रांती द्यावी लागते, दुसऱ्या दिवसाची सकाळ गेलीच. अशी काटछाट लेखकाने केली तर कथेचा कणा शाबूत राहतो. तीच सेटवर घाईत झाली तर दुवा देणारा प्रसंग उडतो आणि संकलनात भोक दिसते.

बजेटमध्ये १० टक्के आकस्मिक निधी हवाच. आणि चित्रीकरणानंतरच्या कामाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. नाहीतर शेवटच्या आठवड्यात ते सेटवर संपतात आणि मग चित्रपट संकलनाच्या टेबलावर वर्षभर पडून राहतो.

वसुली :
पैशांचा प्रश्न आकड्यांत पाहू. बजेट ८० मानू, सगळे गुंतवणूकदाराचे, त्यावर २० टक्के परतावा ठरलेला. म्हणजे त्याला आधी ९६ परत जायचे. सेल्स एजंटचे (म्हणजे वितरकांना चित्रपट विकून देणाऱ्याचे) कमिशन २० टक्के, त्याचा प्रसिद्धी-प्रवासखर्च १५. चित्रपटाने १०० कमावले तर कमिशनचे २० गेले, खर्चाचे १५ गेले, उरलेले ६५ गुंतवणूकदाराकडे. निर्मात्याला शून्य. नफ्याची ५०-५० वाटणी सुरू व्हायला कमाई १३९च्या आसपास पोचावी लागते. त्यामुळे एजंटच्या खर्चाला करारात कमाल मर्यादा घाला. ती नसेल तर तो १५ चा आकडा फुगतच राहतो.

कोरापान :
म्हणजे नफ्याच्या भरवशावर घर चालणार नाही. मग मानधन कुठून धरायचे?

वसुली :
बजेटमधून. लेखनाचे मानधन आणि निर्मात्याचे मानधन अशा दोन वेगळ्या ओळी. पैसे कमी पडले की निर्माते पहिल्यांदा स्वतःचीच ओळ पुसतात. ते करू नका. फारच ओढाताण असेल तर एक हिस्सा पुढे ढकला, पण तो नफ्याच्या वाटणीआधी फेडला जाईल असे लिहून घ्या. एका चित्रपटात काही वर्षे जातात, म्हणून कल्पना, खर्डा आणि निधी-उभारणी अशा वेगवेगळ्या टप्प्यांवरचे तीन-चार प्रकल्प एकाच वेळी हातात ठेवा. मधल्या काळात दुसऱ्यांच्या पटकथांचे पुनर्लेखन हे प्रामाणिक आणि नियमित उत्पन्न आहे. त्यातही पैसे टप्प्यांनी घ्या : सहीच्या वेळी, खर्डा दिल्यावर, दुरुस्तीनंतर.

म्युट :
डिलिव्हरीचा, म्हणजे तयार चित्रपट आणि त्यासोबतचे साहित्य वितरकाला सोपवण्याचा विषय राहिलाच. वितरक पैशांचा मोठा हप्ता यादीतले सगळे साहित्य मिळाल्यावर देतो. डबिंगसाठी संवाद वगळून संगीत-ध्वनीचा स्वतंत्र ट्रॅक लागतो, आणि मूळ संवादाबरोबर पावलांचे, दाराचे आवाजही जातात, ते पुन्हा तयार करावे लागतात. याचे पैसे बजेटमध्ये धरा. प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प उभे करून ३० ते ६० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा, ध्वनिसंकलकाची बरीच डोकेदुखी वाचते. सेटवरची स्थिरचित्रे चित्रीकरणातच काढा. व्हिडिओतून उचललेल्या फ्रेम हालचालीमुळे पुसट येतात, पोस्टरला चालत नाहीत.

तयार गाणे वापरायचे तर परवाने दोन : रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. फक्त महोत्सवापुरता स्वस्त परवाना घेतलात तर पुढच्या सर्व माध्यमांचा दर त्याच कागदावर आत्ताच ठरवून घ्या. आणि पूर्ण चित्रपट ऑनलाइन खुला करू नका. कान, बर्लिन किंवा व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेचा रस्ता तिथेच बंद होतो. निवड समितीला पाठवायची ती पासवर्ड असलेली लिंक, आणि पासवर्ड निकाल लागेपर्यंत बदलायचा नाही.